कोऱ्या चामड्याची करकर

अ‍ॅरिस्टोमेनिस हा मेसेनियाचा ग्रीक वीर. त्यानं तीनशे स्पार्टन मारले, अशी त्याची ख्याती होती. पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा दगडांच्या खाणीतून, कोल्ह्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेनं तो निसटला. दुसऱ्यांदा सापडला तेव्हा पहारेकऱ्यांचा डोळा लागलेला पाहून शेकोटीपर्यंत लोळत गेला, हातापायांच्या वाद्या विस्तवावर जाळल्या, अंग भाजून घेतलं आणि पळाला. तिसऱ्या खेपेला स्पार्टनांनी विषाची परीक्षा घेतली नाही. त्यांनी जिवंतपणीच त्याची छाती फाडली. आत हृदय निघालं ते केसाळ!

ही गोष्ट पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीनं नोंदवून ठेवली आहे. त्याच्या लेखी केसाळ हृदय ही अचाट शौर्याची खूण होती. मराठीत धाडसी माणूस छातीचा असतो, त्याचं काळीज वाघाचं असतं. त्या काळच्या लोकांनी त्याच्या काळजाला केस दिले, एवढाच फरक. पण पुढं शवविच्छेदनाच्या टेबलावर डॉक्टरांना खरोखरच अशी हृदयं दिसू लागली. पांढुरक्या-पिवळसर तंतूंचं दाट लव आलेली, खरखरीत. लॅटिनमध्ये त्यांना नाव पडलं ‘कॉर व्हिलोसम’, म्हणजे केसाळ हृदयच. ते केस नव्हते. हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आली की तिच्यातून फायब्रिन नावाचं चिकट प्रथिन पाझरतं आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ओढलं जाऊन त्याचे तंतू उभे राहतात. लोणी लावलेले पावाचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून मग ओढून वेगळे केले, तर लोण्याचा पृष्ठभाग जसा दिसेल, तसं हे दिसतं. वैद्यकाची पाठ्यपुस्तकं आजही हीच उपमा देतात. प्लिनीच्या गोष्टीत तथ्य असलंच, तर तो वीर त्या दिवशी शौर्यानं नव्हे, छातीच्या दुखण्यानं बेजार असणार.

या दुखण्याचं नाव पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयावरणाचा दाह. त्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट सारखी समोर येते. हा आजार ओळखायला डॉक्टर जे जे शिकले, ते बहुतेक वैद्यकाच्या बाहेरून आलं. कुणी दारूच्या पिंपावरून शिकलं, कुणी घोड्याच्या खोगिरावरून, कुणी जहाजं बांधण्याच्या गोदीतून. आणि औषध आलं ते बागेतल्या एका विषारी कंदातून.

हृदयाभोवतीची ही पिशवी म्हणजे दुपदरी आवरण. बाहेरचा पदर जाड, पटकन न ताणणारा. आतला पातळ, थेट हृदयाला चिकटलेला. दोहोंमध्ये साधारण १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. बिजागरीला तेल असावं तसा. दिवसाला लाखभर ठोके पडतात, पण हे पदर एकमेकांवर घसरतात याचा माणसाला पत्ताही नसतो. ‘हृदयाविषयी’ हा छोटा ग्रंथ हिप्पोक्रेटिसच्या नावावर मोडतो. त्यात या पिशवीचा उल्लेख आहे, आणि आतला द्रव मूत्रासारखा दिसतो असंही त्यात म्हटलं आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये नाव कमावलेल्या गेलेननं तर ही पिशवी जिवंत माणसात पाहिली. मारिलस नावाच्या एका नाटककाराच्या पोरसवदा गुलामाला कुस्तीच्या आखाड्यात छातीवर मार बसला, पुढं छातीच्या मधल्या हाडात पू झाला. इतर वैद्य हात लावायला तयार होईनात. गेलेननं सडलेलं हाड कापून काढलं. खालचं हृदयावरणही कुजून गेलं होतं, त्यामुळं धडधडतं हृदय उघडं दिसत होतं. तो मुलगा वाचला. हे भूल देण्याचं तंत्र येण्याच्या सोळाशे वर्षं आधी.

माकडाच्या शवविच्छेदनात गेलेनला हृदयाभोवती बरंच पाणी साठलेलं दिसलं आणि माणसातही असं होत असणार, असा तर्क त्यानं केला. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न झुहरनं या आवरणाच्या सुजेचं वर्णन केलं. लॅटिन जग त्याला अ‍ॅव्हेंझोआर म्हणून ओळखतं. १६६९ मध्ये ऑक्सफर्डच्या परंपरेतला रिचर्ड लोअर यानं पिशवीत पाणी भरलं की हृदय दाबलं जातं, हे लिहून ठेवलं. ज्ञान वाढत होतं, पण सगळं मेल्यानंतरचं. जिवंत रोग्याच्या छातीत हा आजार आहे की नाही, हे सांगायला कुणाकडे काही साधन नव्हतं.

२५ ऑक्टोबर १७६० च्या सकाळी इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज आपला नेहमीचा चॉकलेटचा पेला पिऊन शौचाला गेला. आतून धप्प असा आवाज आला. नोकर धावला तर राजा जमिनीवर. वय ७६. शव टिकवून ठेवण्याआधी फ्रँक निकोल्स या वैद्यानं ते उघडलं, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्तानं टम्म फुगलेली होती. रक्त जवळजवळ पिंटभर, म्हणजे साधारण अर्धा लिटर. निकोल्सनं नेमकं कारण सांगितलं. बाहेरचं आवरण ताणत नाही, आत रक्त साठत जातं, मग हृदयाला भरायला जागाच उरत नाही. राजाचा आजार दाहाचा नव्हता, हृदय आणि महारोहिणी फाटल्याचा होता. पण ही पिशवी माणसाला गुदमरवून कशी मारते, हे त्या अहवालाइतकं स्वच्छ आधी क्वचितच कुणी लिहिलं असेल. राजवाड्यातल्या शौचालयात वैद्यकाच्या इतिहासाची एक महत्त्वाची नोंद व्हावी, हेही नशीबच.

त्यानंतरचं वर्ष, १७६१, या गोष्टीतलं कळीचं वर्ष. व्हेनिसमध्ये पादुआच्या ७९ वर्षांच्या जोव्हानी बात्तिस्ता मोर्गान्यी याचा महाग्रंथ निघाला. आयुष्यभर केलेल्या शेकडो शवविच्छेदनांचा तो खजिना होता, आणि त्यात हृदयावरणाच्या सुजेचे, चिकटून गेलेल्या आवरणांचे नमुने होते. त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये ९५ पानांची एक लॅटिन पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिची फारशी कुणी दखल घेतली नाही. लेखक होता लिओपोल्ड ऑएनब्रुगर, ग्राझमधल्या एका खानावळवाल्याचा मुलगा.

खानावळीत वाढलेल्या पोराला पिंपात दारू किती उरली हे बघायला झाकण उघडावं लागत नाही. पिंपावर बोटांनी टिचकी मारत खाली यायचं. पोकळ भाग घुमतो, भरलेला भाग बद्द वाजतो. आवाज जिथं बदलतो, तिथं दारूची पातळी. आपल्याकडे बायका बाजारात मडकं वाजवून घेतात, कलिंगडवाला कलिंगडावर थाप मारतो, ते याच शास्त्राचे उपासक. स्पॅनिश हॉस्पिटलमध्ये रोगी तपासताना ऑएनब्रुगरनं छातीवर तशाच टिचक्या मारायला सुरुवात केली, आणि हे त्याला बापाच्या पिंपांवरून सुचलं, असं सांगतात. सात वर्षं त्यानं नोंदी ठेवल्या. रोगी दगावला की छाती उघडून आपला अंदाज पडताळला. मृतांच्या छातीत पाणी भरून आवाज कसा बदलतो, तेही पाहिलं. हृदयाभोवती पाणी साठलं असेल तर त्या जागी मांसावर थाप मारल्यासारखा मठ्ठ आवाज येतो, हे त्यानं लिहून ठेवलं. जिवंत माणसाच्या हृदयावरणातलं पाणी ओळखण्याची ही पहिली भरवशाची खूण.

व्हिएन्नाच्या बड्या वैद्यांनी पुस्तिका बाजूला टाकली. ऑएनब्रुगर त्यावर भांडत बसला नाही. पुढं त्यानं संगीतकार सालिएरीच्या एका ऑपेराचं कथानक लिहून दिलं. विषय, धुराडी साफ करणारा. सत्तेचाळीस वर्षांनी, १८०८ साली, नेपोलियनचा वैद्य कॉर्व्हिसार यानं पुस्तिकेचं फ्रेंच भाषांतर केलं, त्यावर स्वतःच्या अनुभवाची लांबलचक टीका जोडली आणि शोधाचं श्रेय ऑएनब्रुगरलाच दिलं. श्रेय ढापणं त्याला अगदी सोपं होतं. पुढच्याच वर्षी ऑएनब्रुगर वारला.

टिचकीनं पाणी कळत होतं. पण आजाराच्या सुरुवातीला पाणी नसतंच. कोरडे, खरखरीत झालेले दोन पदर एकमेकांवर घासत असतात. त्यासाठी कान लागत होता. तो कान १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलात मिळाला. रने लाएनेकनं एका स्थूल तरुणीच्या छातीला थेट कान लावायचं टाळण्यासाठी कागदाची सुरळी केली, आणि तिच्यातून हृदय आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आलं. पुढं सुरळीच्या जागी लाकडी नळी आली. या नळीतून त्यानं फुप्फुसांची सगळी भाषा वाचली, पण हृदयावरणाच्या दाहापुढं हात टेकले. निदान करणं यापेक्षा अवघड असे आजार थोडेच, असं त्याचं मत होतं.

गंमत म्हणजे त्याचाच शिष्य व्हिक्टर कोलँ यानं १८२४ मध्ये नेमकी खूण छापली. हृदयावर नळी ठेवली की कोऱ्या चामड्यासारखी करकर ऐकू येते, असं त्यानं लिहिलं. घोड्यावर नवं खोगीर घालून निघालं की प्रत्येक पावलाला जो आवाज होतो, तो. मराठी कानाला समजावायला खोगीर नको. कोल्हापुरी वहाण पायात घालून कुणी अंगणात आलं की उंबऱ्याआधीच ओळखू येतं, तोच आवाज. लाएनेकला मात्र ही खूण पटली नाही. ऐकायचं यंत्र ज्यानं शोधलं त्यालाच या आजाराचा आवाज मान्य नव्हता. गुरुशिष्यांच्या इतिहासात असं होतं. कोलँचं म्हणणं टिकलं. तीसच्या दशकात डब्लिनच्या विल्यम स्टोक्सनं ते भक्कम केलं आणि आज एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला तो आवाज ‘पेरिकार्डियल रब’ म्हणून शिकवतात. तो शोधायचा असेल तर रोग्याला पुढं वाकवून बसवायचं, श्वास सोडायला लावायचा आणि छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला स्टेथोस्कोप दाबून धरायचा. हा आवाज सकाळी येतो, दुपारी जातो, रात्री परत येतो.

पुढं वाकवणं हे रोग्याच्याही सोयीचं असतं. या दुखण्याची कळ सुरीसारखी धारदार असते, झोपलं की वाढते, खोल श्वास घेतला की वाढते, आणि बसून पुढं झुकलं की उतरते. कधी ती डाव्या खांद्याच्या वरच्या कडेला जाते, कारण तिथल्या त्वचेच्या आणि हृदयावरणाच्या मज्जातंतूंची मुळं एकच. हृदयविकाराच्या झटक्यात कसंही बसा, फरक पडत नाही.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइटला १८३६ मध्ये दिसलं की मूत्रपिंडं निकामी झालेल्या रोग्यांत हा दाह वारंवार होतो. डायलिसिस यायला अजून शतकाहून अधिक काळ होता. अशा रोग्याच्या छातीत करकर ऐकू आली की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेत. घरात कोरी चप्पल वाजली तर कुणीतरी आलं. इथं ती वाजली तर कुणीतरी जाणार.

आणि उपचार? त्याच सुमारास पॅरिसमध्ये जाँ बुयो यानं संधिवाताचा ताप आणि हृदयाची सूज यांचं नातं पक्कं केलं. हे काम थोर. पण त्याचा उपचार होता पुन्हा पुन्हा रक्त काढण्याचा, एका दिवसात अनेकदा. छातीवर जळवा लावायच्या, त्वचेला फोड आणणारी औषधं चोळायची, पाऱ्याचं कॅलोमेल द्यायचं. फ्रान्सनं १८३३ या एका वर्षात चार कोटींहून जास्त जळवा आयात केल्या. त्या रोग्यांतले बरेच जण वाचले, ते उपचारांमुळे नव्हे. या दाहातले पुष्कळ रोगी आपले आपणच बरे होतात. वैद्यकाच्या इतिहासात कित्येक उपचारांचं नाव याच भांडवलावर झालं आहे.

पाणी फार झालं तर ते काढायला हवं, हे सतराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या जाँ रिओलाँनं सुचवलं होतं, छातीच्या हाडाला भोक पाडून. प्रत्यक्षात हात घातला तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत स्पेनच्या फ्रान्सिस्को रोमेरोनं. मागोमाग १८१० मध्ये नेपोलियनचा शल्यचिकित्सक दोमिनिक लॅरे यानंही एका रोग्याचं हृदयावरण उघडून पाणी काढलं. छाती न उघडता नळी खुपसून पाणी काढण्याचा मान १८४० साली व्हिएन्नाच्या फ्रान्झ शू याला दिला जातो. सुई कुठून घालावी यावर पुढं सत्तर वर्षं खल चालला. १९११ मध्ये मार्फाँनं छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळून तिरपी वर जाणारी वाट सांगितली, ती अजून चालू आहे. सोनोग्राफी नव्हती तेव्हा सुई हृदयातच घुसेल या धास्तीनं किती डॉक्टरांचे हात थरथरले असतील, ते त्यांचं त्यांना माहीत.

फ्रायबर्गच्या आडोल्फ कुसमाउलची गोष्ट वेगळी. हा माणूस कमालीचा चौकस. तलवार गिळणाऱ्या कसरतपटूला बोलावून त्याच्या घशातून पोटात नळी घालून पाहणारा. १८७३ मध्ये त्यानं नाडीवर बोट ठेवून एक कोडं टिपलं. रोगी श्वास आत घेतो तेव्हा मनगटातली नाडी बारीक होत होत नाहीशी होते, श्वास सोडला की परत येते. छातीवर मात्र हृदय तालात वाजतच असतं. ठोका आहे आणि नाडी नाही, म्हणून त्यानं तिला विरोधाभासी नाडी म्हटलं. कारण साधं आहे. श्वास घेतला की हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त रक्त येतं. पिशवी घट्ट भरलेली असेल तर उजव्या बाजूला बाहेर फुगायला वाव नसतो, मग ती मधली भिंत डावीकडे ढकलते आणि डाव्या बाजूतून शरीराकडे जाणारं रक्त घटतं. रक्तदाबात थोडी घट सगळ्यांच्यातच होते. पाऱ्याच्या दहा मिलिमीटरपेक्षा जास्त झाली तर डॉक्टर सावध होतात.

१८८४ मध्ये एडमंड रोझ यानं या कोंडमाऱ्याला ‘हृदयाचं टँपोनाड’ असं नाव दिलं. टँपोन म्हणजे बोळा, गच्च कोंबलेला. १९३५ मध्ये क्लीव्हलंडच्या क्लॉड बेकनं तीन खुणा एकत्र मांडल्या: मानेच्या शिरा फुगलेल्या, रक्तदाब घसरलेला, हृदयाचे आवाज दुरून आल्यासारखे. गती महत्त्वाची असते. अचानक साठलेलं दीडदोनशे मिलिलिटर पाणी जीव घेऊ शकतं; महिनोन्‌महिने हळूहळू साठलं तर पिशवी सैल होत जाते आणि लिटरभर पाणी घेऊन माणूस दवाखान्यात चालत येतो.

दाह शमल्यावरही एक संकट उरतं. दोन्ही पदर चिकटतात, जाड होतात, कधी त्यांत कॅल्शियम साठून दगडासारखे होतात. जर्मन डॉक्टरांनी अशा हृदयाला ‘पान्झरहेर्झ’, चिलखती हृदय, म्हटलं. या आवळणाऱ्या आवरणाचं बारकाईचं वर्णन १८४२ मध्ये गाय्ज हॉस्पिटलच्या नॉर्मन चेव्हर्सनं केलं. आवरण हळूहळू आकसतं आणि हृदयाला पूर्ण भरू देत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तरुण वयात एवढं काम करून हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाला, पुढं कलकत्ता मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि भारतात त्याचं नाव राहिलं ते १८५६ च्या न्यायवैद्यकावरच्या जाडजूड ग्रंथामुळे. विषप्रयोग, खून, आत्महत्या यांचा तपास करणाऱ्यांनी तो चाळला. त्याच चेव्हर्सनं हृदयाचं चिलखत टिपलं होतं, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

फसगत इथंच होते. हृदय भरत नाही म्हणून रक्त मागं तुंबतं. यकृत सुजतं, पोटात पाणी साठतं, पाय सुजतात. रोगी दिसतो तो जलोदराचा. १८९६ मध्ये प्रागच्या फ्रीडेल पिकनं असे रोगी मांडून दाखवलं की यकृताचा आजार हा नुसता भास आहे, मूळ वर हृदयावरणात आहे. मानेच्या शिरा पाहिल्या असत्या तर कळलं असतं. हा सल्ला आजही तितकाच ताजा आहे, कारण दारूला कधी न शिवलेला माणूस वर्षानुवर्षं यकृताची औषधं घेत बसतो आणि दोष असतो छातीत. आवरण सोलून काढण्याची कल्पना फ्रान्सच्या दलोर्मनं १८९८ मध्ये मांडली. १९१३ च्या सुमारास जर्मनीत रेन आणि सावरब्रुख यांनी ती अमलात आणली. १९२८ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड चर्चिलनं एका तरुणीवर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. चिलखत हृदयाच्या भिंतीत रुतलेलं असतं. संत्र्याची साल काढायची, पण फोडीला नख लागता कामा नये, तशातली गत.

भारतात आणि आफ्रिकेत या आवळण्यामागं बहुतेक वेळा क्षयरोग असतो. केप टाउनच्या बोंगानी मायोसीनं आफ्रिकेतल्या आठ देशांतल्या १९ रुग्णालयांतून १४०० रोगी घेऊन एक चाचणी केली. क्षयानं झालेल्या दाहात स्टेरॉइड द्यावं की नाही, हा प्रश्न. २०१४ मध्ये उत्तर आलं ते अर्धवट गोड. मृत्यू, टँपोनाड आणि आवळलेलं आवरण यांचा एकत्रित हिशेब केला तर फरक नाही. आवरण आवळण्याचं प्रमाण मात्र ७.८ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर आलं. एचआयव्ही असलेल्यांत कर्करोगाचा धोका वाढल्याचंही दिसलं. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांना या रोग्यांची फिकीर नव्हती. ती एका आफ्रिकी डॉक्टरनं केली.

यंत्रं विसाव्या शतकात आली. क्ष-किरणांत पाणी भरलेलं हृदय गोलसर, खाली फुगीर, वर निमुळतं दिसू लागलं. डॉक्टरांनी त्याला पाण्याच्या बाटलीची उपमा दिली. सुरई म्हटलं तरी चालेल. ईसीजीनं मदत केली आणि घोटाळाही केला. या दाहातही आलेखाच्या रेषा वर उचलल्या जातात, अगदी झटक्यासारख्या. १९४२ मध्ये बार्न्स आणि बर्चेल यांनी झटका वाटावा अशा, पण प्रत्यक्षात दाहाच्या असलेल्या, चौदा रोग्यांवर लेख लिहिला. झटक्यात ज्या भागाचं रक्त तुटलं, तेवढ्याच भागाच्या रेषा उचलतात; दाहात जवळजवळ सगळीकडच्या. हे ध्यानात ठेवायचं, कारण झटक्याची रक्त पातळ करणारी औषधं सुजलेल्या पिशवीत रक्तस्राव करवू शकतात.

खरा पालट घडवला आवाजानंच, पण कानाला न ऐकू येणाऱ्या. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात इंगे एडलर हा हृदयतज्ज्ञ आणि हेल्मुट हेर्ट्झ हा भौतिकशास्त्रज्ञ. माल्मोच्या कोकम्स गोदीत जहाजांच्या धातूतल्या भेगा शोधायला अल्ट्रासाउंडचं यंत्र वापरत, हे हेर्ट्झला माहीत होतं. १९५३ मध्ये तशाच उसन्या यंत्रानं दोघांनी हृदयाच्या भिंतींचे प्रतिध्वनी टिपले. दहा वर्षांनी इंडियानापोलिसच्या हार्व्हे फायगेनबाउमनं अशाच एका यंत्राची जाहिरात वाचली. प्रदर्शनात जाऊन ते स्वतःच्या छातीवर धरून पाहिलं, आणि मागच्या भिंतीपलीकडे पाणी असेल तर इथं रिकामी फट दिसेल, हे त्याच्या डोक्यात आलं. परत आला तर त्याच्याच रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरांचं असं एक यंत्र धूळ खात पडलेलं. १९६५ मध्ये त्याचा हृदयावरणातल्या पाण्यावरचा लेख छापून आला. ऑएनब्रुगरच्या टिचकीचं काम आता दोन मिनिटांत, पडद्यावर.

औषधांचा प्रवास मात्र मागं मागं जाणारा. १८७६ मध्ये डंडीच्या टॉमस मॅक्लॅगननं विलोच्या सालीतलं सॅलिसिन संधिवाताच्या तापात लागू पडतं, हे दाखवलं. १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरिन बाजारात आली आणि आजही तिचा मान पहिल्या औषधांत आहे. १९५० च्या दशकात स्टेरॉइड आलं. दोन दिवसांत दुखणं गायब, ताप गायब. डॉक्टर खूष, रोगी खूष. डोस कमी करू लागलं की दुखणं परत. पुन्हा वाढवा, पुन्हा परत. या दाहातलं सर्वांत चिवट दुःख हेच, पुन्हा पुन्हा उलटणं.

बार्सिलोनातल्या डॉक्टरांना १९८७ मध्ये एक कल्पना सुचली. भूमध्य समुद्राकाठच्या एका वंशपरंपरागत तापात छाती-पोटाची आवरणं वारंवार सुजतात, आणि तिथं कोल्चिसिन लागू पडतं. मग इथं का नको? तीन रोग्यांना दिलं, दुखणं उलटलं नाही, ‘लॅन्सेट’ला छोटंसं पत्र गेलं. कोल्चिसिन हे गाउटचं पुरातन औषध, युरोपातल्या शरद ऋतूत फुलणाऱ्या एका फुलझाडाच्या कंदातलं. सहाव्या शतकात त्रालीसच्या अलेक्झांडरनं ते सांध्यांच्या दुखण्याला दिलं होतं. पुढं इटलीतल्या तुरीनच्या मास्सिमो इमाझिओनं चाचण्या केल्या. २००५ मध्ये १२० रोग्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण अठरा महिन्यांत ३२.३ टक्क्यांवरून १०.७ वर आलं. शिवाय, ज्यांना स्टेरॉइड दिलं त्यांचं दुखणं जास्त उलटलं. २०१३ मध्ये २४० रोग्यांवरच्या चाचणीतही आकडा निम्म्याहून खाली आला.

हेच कोल्चिसिन सह्याद्रीत पावसाळ्यात वेलीवर पेटलेलं दिसतं. पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलं, पानांच्या टोकांना तणावे: कळलावी. तिच्या नांगराच्या आकाराच्या कंदात हेच द्रव्य आहे, म्हणून संस्कृतात ती लांगली. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तो कंद पूर्वी वापरत. घरात आणली तर भांडणं लागतात, असंही खेड्यांत म्हणतात. तो कंद खाऊन माणसं मेली आहेत; औषधाचा डोस आणि विषाचा डोस यांत अंतर थोडं, म्हणून गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. तामिळनाडूत शेतकरी या वेलीची लागवड करतात आणि तिच्या बियांतून कोल्चिसिन काढलं जातं. छातीतली कळ घालवणाऱ्या द्रव्याच्या झाडाला मराठीनं कळलावी म्हणावं, हा भाषेचा खोडकरपणा.

यापुढचं पाऊल महाग आहे. दाहाला चिथावणारा इंटरल्यूकिन-१ हा रेणू अडवणारं रिलोनासेप्ट, आठवड्याला एक इंजेक्शन. निवडलेल्या रोग्यांच्या चाचणीत औषध चालू ठेवलेल्या ३० पैकी दोघांचं दुखणं उलटलं, बंद केलेल्या ३१ पैकी २३ जणांचं. अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

निदानाचा रूढ नियम चारांपैकी दोनांचा: विशिष्ट तऱ्हेची कळ, करकर, ईसीजीतले बदल, आणि पिशवीत नवं किंवा वाढलेलं पाणी. यातली करकर सर्वांत लहरी. काल स्पष्ट ऐकू आलेली आज नाहीशी होते, आणि शिकाऊ डॉक्टर रोगी सुधारला म्हणून हायसं वाटून घेतो. वॉर्डातला जुना डॉक्टर मात्र तेवढ्यावर समाधान मानत नाही. दाह उतरला तरी आवाज जातो; दोन पदरांमध्ये पाणी शिरून ते दूर सरकले तरी आवाज जातो. तो रोग्याच्या मानेच्या शिरांकडे एकदा पाहतो, मनगटावर बोट ठेवून श्वास घ्यायला सांगतो, आणि इकोचं यंत्र आणायला माणूस पाठवतो.